अघनाशिनीचे पाणी आणि नकाशाची साक्ष

(देवस्थानच्या सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



गोमंतकातील कित्येक देवस्थानांच्या इतिहासात एक नदी ओलांडल्याची आठवण आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सत्तेखालील साष्टी महालात देवालये पाडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळीचा श्रीमंगेश आणि केळोशीची श्रीशांतादुर्गा यांना भाविकांनी झुआरीच्या पैलतीरी, अंत्रुज महालात आणले. श्रीमंगेश प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गा कवळ्यास स्थिरावली. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. त्या काळी अंत्रुजावर पोर्तुगीजांचा अंमल नव्हता आणि मध्ये नदीचे रुंद पात्र होते. त्या पात्राने देवांना व त्यांच्या महाजनांना आश्रय दिला. त्या नदीचे जुने नाव अघनाशिनी. अघ म्हणजे पाप. पापाचा नाश करणारी ती अघनाशिनी.

चार शतकांहून अधिक काळ लोटल्यानंतर त्याच नदीविषयी आज एक निराळा प्रश्न उभा आहे. नदीत पाप नाहीसे होते, ही श्रद्धा आहे. परंतु नदीत सोडलेला मैला, साबणाचे पाणी, खाणीची माती आणि जहाजाचे तेल ही नाहीशी होत नाहीत. ती कोठेतरी जातात. ती कोठे जातात, किती काळ राहतात आणि मुळात कोणाच्या अंगणातून निघालेली असतात, हे जाणून घेण्याचे जे साधन गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांच्या हाती आले आहे, त्यास भौगोलिक माहिती प्रणाली, संक्षेपाने जी. आय. एस., असे म्हणतात. किनाऱ्यालगतच्या जलप्रदूषणाचा नकाशा या प्रणालीच्या साहाय्याने कसा सिद्ध होतो, त्यावर कितपत विश्वास ठेवावा, आणि समुद्रापासून दूर डोंगराच्या कुशीत वसलेल्या देवस्थानांच्या महाजनांचा त्या नकाशाशी कोणता संबंध पोहोचतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

एका पंपाची कथा

पाणी आणि नकाशा यांची सांगड प्रथम प्रभावीपणे कोठे घातली गेली, ते पाहणे उद्बोधक ठरेल. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली आणि थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी होते, असा त्या काळी बहुतेक वैद्यांचा समज होता. डॉ. जॉन स्नो यांचा संशय मात्र पाण्यावर होता. ज्या घरी मृत्यू घडला त्या घराच्या जागी त्यांनी नकाशावर एक एक लहान रेघ ओढली. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती झालेली दिसली. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे.

या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. त्या वस्तीतील चर्चचे तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे मत पटले नव्हते. ते पारखून पाहण्यासाठी ते घरोघर फिरले. प्रत्येक कुटुंब त्यांच्या ओळखीचे; कोण कोठले पाणी पितो, कोण आजारी पडला, कोण बाहेरगावी होता, हे लोक त्यांना मोकळेपणाने सांगत. या चौकशीतूनच त्यांचे मत पालटले. पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरातील एक तान्हे मूल साथीच्या आरंभी अतिसाराने आजारी होते आणि त्याची दुपटी धुतलेले पाणी घरापुढील मैल्याच्या खड्ड्यात टाकले जात होते, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे तो खड्डा उकरून पाहिला, तेव्हा त्याचे विटांचे बांधकाम ढासळलेले आढळले. पंपाच्या विहिरीपासून तो तीन फुटांहूनही कमी अंतरावर होता.

रोग कोठे दाटला आहे ते नकाशाने दाखवले. तो तेथे का दाटला, हे मात्र त्या वस्तीतील घर न् घर ओळखणाऱ्या माणसाने शोधून काढले. आजच्या विषयाचे सारे मर्म या घटनेत आहे, म्हणून तिचा उल्लेख प्रारंभीच केला.

थरांवर थर

भौगोलिक माहिती प्रणाली हे नाव जड वाटले तरी तिची कल्पना सोपी आहे. पारदर्शक कागदांची एक चळत डोळ्यांपुढे आणावी. पहिल्या कागदावर नदी, खाडी व किनारा रेखाटलेला. दुसऱ्यावर गावे व वस्ती. तिसऱ्यावर नाले व गटारे. चौथ्यावर खाजने, बांध व कांदळवने. पाचव्यावर कारखाने, उपाहारगृहे आणि नौकांचे धक्के. सहाव्यावर पाण्याचे नमुने घेतलेली स्थळे. हे सर्व कागद एकाच प्रमाणावर काढलेले आणि एकमेकांवर अचूक बसणारे असले, म्हणजे वरून पाहताना एका थराचा दुसऱ्याशी असलेला संबंध दिसू लागतो. कागदांचे हे काम संगणकाकडून करवून घ्यावयाचे, हीच ती प्रणाली. १९६० नंतरच्या दशकात कॅनडातील जमिनीच्या वापराची मोजदाद करण्यासाठी रॉजर टॉमलिन्सन यांनी तिचा पाया घातला.

संगणकातील नकाशाचा विशेष असा की त्यावरील प्रत्येक ठिपक्यामागे एक नोंदवही दडलेली असते. नमुना घेतलेल्या स्थळाचे अक्षांश व रेखांश, तारीख, वेळ, भरती होती की ओहोटी, पाण्याची खोली, क्षारता, गढूळपणा, विद्राव्य प्राणवायू, मलजन्य जंतूंची संख्या, हे सर्व त्या एका ठिपक्याशी जोडलेले असते. साहजिकच त्या नकाशास प्रश्न विचारता येतात. अमुक नाल्याच्या मुखापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत कोणत्या स्थळी मर्यादा ओलांडली गेली? ती पावसाळ्यात ओलांडली गेली की उन्हाळ्यात? मागील पाच वर्षांत ते स्थळ सुधारले की बिघडले? कागदी अहवालाच्या शेकडो पृष्ठांतून जे उत्तर शोधण्यास आठवडे लागावेत, ते येथे काही क्षणांत समोर येते.

मर्यादा म्हणजे काय, हेही स्पष्ट केले पाहिजे. भारतात किनारी पाण्याचे त्याच्या उपयोगानुसार पाच वर्ग ठरवलेले आहेत. स्नान, जलक्रीडा व व्यापारी मासेमारी यांसाठीचा वर्ग दुसरा. त्यात शंभर मिलिलिटर पाण्यात मलजन्य कॉलिफॉर्म जंतूंची संख्या १०० पेक्षा अधिक असू नये, विद्राव्य प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जंतू जो प्राणवायू खर्च करतात त्याचे माप, लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे बंधन आहे. नकाशावरील हिरवा, पिवळा वा लाल रंग हा अशा आकड्यांवरून ठरतो. तो रंगवणाऱ्याच्या मर्जीचा भाग नव्हे.

गोमंतकाचे भाग्य असे की या कामाची परंपरा येथे आहे. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय दोना पावला येथे, मांडवी व झुआरी यांच्या मुखांच्या मधोमध उभे आहे. या दोन नद्यांच्या खाड्यांचा अभ्यास तेथे दीर्घकाळ चालत आलेला आहे.

नकाशा कोठे फसतो

कोणत्याही साक्षीदाराची उलटतपासणी झाल्याखेरीज त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. नकाशासही हाच न्याय लावला पाहिजे.

नमुने थोड्या स्थळी घेतलेले असतात आणि रंग मात्र संपूर्ण पाण्यावर पसरलेला दिसतो. मधल्या जागा भरल्या जातात त्या गणिताने. या गणिताच्या एका पद्धतीस क्रीगिंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनियल क्रीग याने सोन्याच्या खाणींतील मोजक्या नमुन्यांवरून मधल्या भूभागातील सोन्याचे प्रमाण अजमावण्यासाठी जे काम केले, त्यावरून तिला हे नाव पडले. गोमंतकातील खाणव्यवसायाशी संबंध आलेल्यांस ही रीत अपरिचित वाटू नये. दोन छिद्रांतील खनिजाच्या प्रतीवरून मधल्या खनिजाचा अंदाज बांधण्यासारखेच हे आहे. परंतु खनिज स्थिर असते आणि पाणी वाहते. येथून पहिली अडचण सुरू होते.

संगणकास सरळ रेषेतले अंतर कळते, पाण्याची वाट कळत नाही. मिरामारचा किनारा मांडवीच्या अंगास आणि दोना पावलाचा धक्का झुआरीच्या अंगास. दोहोंमध्ये काबोचे भूशिर आहे. जमिनीवरून ही स्थळे जवळ. पण मांडवीतून झुआरीत जाणाऱ्या पाण्यास ते भूशिर वळसा घालून जावे लागते. हा भेद संगणकास आधी सांगितला नाही, तर तो एका नदीची घाण डोंगरावरून दुसऱ्या नदीत सहज उतरवून मोकळा होतो. याच दोन नद्या आत कुंभारजुव्याच्या कालव्याने परस्परांस जोडलेल्या आहेत. तो जोड नकाशातून सुटला, तर चूक उलट दिशेने होते. म्हणून जाणता नकाशाकार प्रथम पाण्याची वाट आखून घेतो आणि अंतर त्या वाटेने मोजतो.

दुसरी अडचण वेळेची. मांडवी व झुआरी यांच्या पात्रांत पाणी दिवसातून दोनदा आत शिरते व दोनदा बाहेर पडते. उन्हाळ्यात डोंगराकडून येणारा प्रवाह अगदी क्षीण होतो आणि खारे पाणी कित्येक किलोमीटर आत चढते. अशा दिवसांत ओहोटीच्या वेळी सोडलेली घाण समुद्रात गेली असे वाटते, परंतु तिचा मोठा भाग पुढच्या भरतीबरोबर परत येतो. पावसाळ्यात याच्या उलट. डोंगरावरील लोंढा खाडी धुऊन काढतो, पण त्याबरोबर रस्त्यांवरची, शेतांतली व भरून वाहणाऱ्या खड्ड्यांतली घाणही खाली आणतो. उधाणाच्या दिवशी घेतलेला नमुना आणि भांगाच्या दिवशी घेतलेला नमुना यांची वेळ न पाहता तुलना केली, तर निष्कर्ष चुकणारच. खाजनांच्या बांधातील मानशीची फळी भरतीला आपोआप मिटते व ओहोटीला उघडते. ती ज्यांनी रचली त्या गावकऱ्यांस पाण्याच्या या दोन दिशांचे भान पुरेपूर होते. संगणकावर काम करणाऱ्यास ते नसेल, तर त्याचे यंत्र कितीही महाग असो, नकाशा कच्चाच राहील.

तिसरी अडचण आकाशातील डोळ्याची. भारताने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ हा उपग्रह सोडला. समुद्राच्या पाण्याचा रंग टिपणारे उपकरण त्यावर होते. २००९ आणि २०२२ या वर्षी त्या मालिकेतील पुढचे उपग्रह गेले. पाण्यातील गाळ व सूक्ष्म वनस्पती यांचा विस्तार या चित्रांतून उत्तम कळतो. परंतु त्या पहिल्या उपकरणाच्या चित्रातील एक ठिपका ३६० मीटरचा होता. खुल्या समुद्रास तो पुरेसा, अरुंद खाडीस अगदीच भरड. अलीकडच्या काही उपग्रहांची चित्रे १० मीटरपर्यंत बारकाईची असतात. तथापि जंतू कोणत्याही चित्रात दिसत नाहीत. निर्मळ दिसणारे पाणीही मैल्याने दूषित असू शकते. त्यातच ज्या महिन्यांत नद्या सर्वाधिक माती वाहून आणतात, त्याच महिन्यांत आभाळ ढगांनी झाकलेले असते. रडारचे उपग्रह ढगांतून पाहू शकतात. तेलाच्या तवंगाने लहान लाटा निमतात, तेवढा भाग त्यांच्या चित्रात काळसर उमटतो आणि तवंगाचा माग लागतो. तरीही बाटली घेऊन पाण्यात उतरणाऱ्या माणसाचे काम संपत नाही.

चौथी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. पाण्यातील प्राणवायू कमी झाला की दोष सरसकट सांडपाण्यास देण्याची प्रवृत्ती असते. गोमंतकाच्या किनाऱ्यापुढील समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे, मुळातच अल्प प्राणवायू असलेले पाणी वर सरकते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. हा निसर्गक्रम आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा क्रम तीव्र होत असल्याचे दाखवून, जमिनीवरून येणारी पोषक द्रव्ये त्यास कारण असावीत असे मत मांडले. निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे वेगळे काढावयाचे तर एकाच ठिकाणची वर्षानुवर्षांची मोजणी हवी. एका दिवसाच्या नकाशावरून कोणास दोषी ठरवणे अन्यायाचे, आणि कोणास निर्दोष ठरवणे धोक्याचे.

गोमंतकाचा नकाशा काय सांगतो

या सर्व मर्यादा ध्यानी घेऊनही काही गोष्टी निर्विवाद दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांत गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यातील ११ होते. साळ नदीची अवस्था त्यांत सर्वांत वाईट. मडगावसारख्या शहरालगतून वाहत ती मोबोरपाशी समुद्रास मिळते. पात्र लहान, उन्हाळ्यात प्रवाह मंद आणि दोन्ही काठांस दाट वस्ती. घाण विरून जाण्यास जागाच उरत नाही. त्या ११ पट्ट्यांत मांडवी व झुआरी आहेत, आणि खांडेपार नदीही आहे. ओपा येथून ज्या पाण्याने फोंडा व तिसवाडी यांची तहान भागते, ती हीच खांडेपार.

खाणींची गोष्ट निराळी आहे. लोहखनिजाची माती पावसाबरोबर नद्यांत उतरे आणि खनिज भरलेल्या बार्जी मांडवी-झुआरीतून मुरगावकडे जात. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणकाम थांबले. त्यानंतर लिलावाने दिलेल्या काही पट्ट्यांवर ते पुन्हा सुरू झाले आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने ही थांबण्याची वर्षे मोलाची आहेत. एकाच नदीचा खाण चालू असतानाचा, बंद असतानाचा व पुन्हा सुरू झाल्यानंतरचा नकाशा शेजारी शेजारी ठेवला, तर वादविवादाने न सुटणारा प्रश्न मोजमापाने पुष्कळ अंशी सुटू शकतो.

समुद्राकडून येणारे संकटही आहे. २००६ च्या मे महिन्याच्या अखेरीस कारवारजवळ ‘ओशन सेराया’ हे जहाज खडकांवर आदळून फुटले आणि त्यातील तेल काणकोणच्या किनाऱ्यापर्यंत आले. राज्याची सीमा पाण्यास माहीत नव्हती. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास वारे पालटू लागले की वाळूवर डांबराच्या गोळ्या येऊन पडतात. खोल समुद्रात जहाजांतून वा तेलविहिरींतून निसटलेले तेल घट्ट होऊन ते गोळे बनतात. वारा व प्रवाह यांचे थर नकाशावर ठेवून त्यांचा प्रवास मागे मागे शोधता येतो. गुन्हा दूरच्या पाण्यात घडलेला आणि शिक्षा मात्र किनाऱ्यावरच्या मासेमाऱ्यास.

तथापि जहाज व खाण यांवर बोट ठेवून थांबणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. स्नानाच्या पाण्यास अयोग्य ठरवणारे जे मलजन्य जंतू, ते जहाजांतून वा खाणींतून येत नाहीत. ते घरांतून, उपाहारगृहांतून, वसतिगृहांतून येतात.

महाजनांचा ठिपका

येथे हा विषय या सभामंडपाच्या पायरीशी येऊन पोहोचतो. अंत्रुज महाल समुद्रकिनाऱ्यावर नाही, हे खरे. परंतु त्याच्या उत्तरेस मांडवी, दक्षिणेस झुआरी आणि पश्चिमेस कुंभारजुव्याचा कालवा आहे. तिन्ही बाजूंनी भरती-ओहोटीच्या पाण्याने वेढलेल्या या भूमीवर पडलेला पावसाचा थेंब कुळागरातून, शेतातून वा देवळाच्या प्राकारातून निघाला तरी त्याच पाण्यास जाऊन मिळतो. देवस्थानाच्या अग्रशाळा, जत्रेच्या दिवसांत उसळणारी गर्दी, समाराधनेचे खरकटे, स्नानगृहांचे पाणी, दुकानांची मोरी, वाहनतळावरचे तेल या सर्वांचा उतार एकच आहे. ज्या काळी अग्रशाळेत वर्षातून काही दिवस कुळाव्यांची वर्दळ असे, त्या काळचे शोषखड्डे आजच्या बाराही महिन्यांच्या गर्दीस पुरे पडतील, अशी अपेक्षा बाळगणे रास्त नव्हे. चिऱ्याच्या सच्छिद्र जमिनीत शोषखड्डा व विहीर किंवा तळी यांतील अंतर अपुरे असले, तर ब्रॉड स्ट्रीटची गोष्ट येथे घडण्यास फारसे काही लागत नाही.

अशा वेळी एक आक्षेप निघतो आणि तो मनाला लागणारा असल्यामुळे त्याचा विचार केला पाहिजे. देवस्थानाचे नाव प्रदूषणाच्या नकाशावर कशाला? तीर्थाच्या पुढे लाल ठिपका उमटला, तर भाविक काय म्हणतील? समुद्रकाठची मोठी उपाहारगृहे व कारखाने यांच्या तुलनेत देवळाची मोरी ती केवढी? या बोलण्यात भक्तीचा अंश आहे, आणि अपकीर्तीचे भयही आहे.

या आक्षेपाचे उत्तर देवस्थानांच्या परंपरेतच सापडते. देवकार्यात अशौच लपवत नाहीत, ते सांगतात. घरात सोयर वा सुतक असलेला महाजन स्वतः होऊन दूर उभा राहतो. कोणी तपासणीस येण्याची वाट पाहत नाही. शुद्धीचा आरंभ अशुद्धी मान्य करण्यापासून होतो, हा आचार ज्या समाजाने शतकानुशतके पाळला, त्याने आपल्या मोरीचे पाणी तपासून घेण्यास कचरावे, यात विसंगती आहे. शिवाय नकाशावरची कोरी जागा म्हणजे निर्मळ जागा नव्हे. ती केवळ न पाहिलेली जागा होय. देवस्थानाच्या नावापुढे ठिपका नसणे यात मानाचे काही नाही. तेथे पाच वर्षांपूर्वी लाल असलेला ठिपका आज हिरवा झालेला असणे, यात मान आहे.

महाजन संस्थेपाशी या कामासाठी जे भांडवल आहे, ते कोणत्याही प्रयोगशाळेपाशी नाही. महाजनांच्या कुटुंबांची नोंद तिच्याकडे असते. जमिनींचे आराखडे, पाटांच्या वाटा, झरी व विहिरींची ठिकाणे, कोणता नाला कोणत्या साली बुजवला गेला, याची माहिती दफ्तरात वा वृद्धांच्या स्मरणात असते. व्हाइटहेड यांच्यापाशी जे होते ते हेच. शास्त्रज्ञ उपग्रहाचे चित्र आणू शकतो. अग्रशाळेमागील मोरी कोणत्या पाटास मिळते, हे त्यास गावच्या माणसाने सांगावे लागते.

करावयाचे काम आवाक्यातले आहे. देवस्थानच्या हद्दीतील तळी, विहिरी, झरी, शोषखड्डे, मोऱ्या व नाले यांची यादी करावी. साध्या मोबाइल दूरध्वनीवर आता प्रत्येक जागेचे अक्षांश व रेखांश काही मीटरांच्या अचूकतेने मिळतात. नकाशा मांडण्याची संगणकीय साधनेही विनामूल्य उपलब्ध आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी महाजनांची मुले ती थोड्या सरावाने हाताळू शकतात. पाण्याचे नमुने मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच तपासून घ्यावेत. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा लागतो, हे विसरू नये. निदान मे महिन्यात एकदा, पावसाच्या पहिल्या सरींनंतर एकदा, पाऊस सरल्यावर एकदा आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी एकदा अशी चार वेळा तपासणी व्हावी. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि खाडीच्या काठी असल्यास भरती-ओहोटी लिहावी. जेथे दोष आढळेल तेथे खड्ड्याची दुरुस्ती, सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची सोय वा मोरीची दिशा बदलणे, जे आवश्यक असेल ते करावे; आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा तपासून पाहावे. वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर पाण्याचा हा तक्ताही वाचला जावा.

एका देवस्थानाने हे केल्याने झुआरी निर्मळ होणार नाही, हे उघड आहे. परंतु अंत्रुजातील एकामागून एक देवस्थानांनी आपापला ठिपका प्रामाणिकपणे भरला, तर या तीन बाजूंच्या पाण्याचा एक सलग थर तयार होईल. मग समुद्रकाठच्या उपाहारगृहास, कारखान्यास वा नगरपालिकेस त्यांच्या मोरीचा हिशेब विचारताना महाजनांना मान खाली घालावी लागणार नाही. आधी आपल्या मोरीचा हिशेब देणाऱ्याचाच प्रश्न सभेत टिकतो.

सोळाव्या शतकातील पूर्वजांनी घरदार व जमीनजुमला मागे ठेवून देव वाचवले आणि त्या कामी अघनाशिनीने त्यांना वाट दिली. ते ऋण आज तिच्या काठी आणि तिच्या उताराच्या भूमीवर नांदणाऱ्या वंशजांच्या नावे आहे. नदीची ओटी भरणे, तिला नारळ अर्पण करणे हे त्या ऋणाचे स्मरण होय. तिच्यात काय सोडले जाते याचा हिशेब ठेवणे, ही त्याची फेड ठरेल. ती फेड करण्याची सुबुद्धी सर्व महाजनांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.